राबिआच्या मैदानात लेखक कोठे होते?

आपल्या बाजूच्या माणसावर गोळी चालली की लेखक लिहितोच. ज्याच्या विचारांशी आयुष्यभर भांडलो त्याच्यावर ती चालली तर काय लिहायचे, हा प्रश्न मात्र अवघड आहे. १४ ऑगस्ट २०१३ रोजी कैरोच्या नस्र सिटी भागातील राबिआ अल-अदविया चौकात इजिप्तच्या लेखकांपुढे तो उभा राहिला. त्या दिवसाच्या आगेमागे निर्माण झालेल्या दोन कादंबऱ्या, एक चित्रपट आणि एक दूरचित्रवाणी मालिका यांचा विचार आम्ही येथे करणार आहोत. मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम लेखकांची एक अख्खी पिढी धर्मवादी संघटनांशी वाद घालतच मोठी झाली. हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले तेव्हापासून तो वाद चालू आहे आणि तो चालू राहावा असेच आमचे मत आहे. म्हणूनच कैरोतील परिवर्तनवादी लेखकांची त्या दिवशीची कोंडी आम्हांला परकी वाटत नाही.

घटनाक्रम थोडक्यात सांगतो. २५ जानेवारी २०११ रोजी सुरू झालेल्या उठावाने अठरा दिवसांत होस्नी मुबारक यांची तीस वर्षांची राजवट संपवली. सरकारी चौकशी समितीच्याच मोजणीनुसार त्यात किमान ८४६ माणसे मारली गेली. जून २०१२ मध्ये मुस्लिम ब्रदरहूडचे, म्हणजे इख्वानचे, मुहम्मद मोर्सी ५१.७ टक्के मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झाले. पाचच महिन्यांत, २२ नोव्हेंबरला, त्यांनी स्वतःचे निर्णय न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवणारे फर्मान काढले. ज्यांनी नाइलाजाने मोर्सींना मत दिले होते तेही त्या दिवशी दुरावले. ३० जून २०१३ रोजी प्रचंड संख्येने लोक रस्त्यावर आले आणि ३ जुलैला जनरल अब्दुल फत्ताह अस-सिसी यांनी मोर्सींना पदच्युत केल्याची घोषणा केली. त्या वेळी त्यांच्यासोबत अझहरचे शेख होते, कॉप्टिक पोप होते, नोबेल मिळालेले मुहम्मद अल-बरादेई होते आणि सलफींच्या नूर पक्षाचा प्रतिनिधीही होता. मोर्सींच्या समर्थकांनी राबिआच्या चौकात ठाण मांडले. सुमारे सहा आठवड्यांनी ते उठवण्यात आले. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने वर्षभर चौकशी करून तेथील किमान ८१७ मृत मोजले आणि खरा आकडा हजारावर असावा असे नोंदवले. इजिप्तच्या सरकारी मानवाधिकार परिषदेने ६३२ मोजले, त्यात ८ पोलीस. गृहमंत्र्यांनी चौकातून जप्त झालेल्या बंदुकांचा आकडा सांगितला, तो १५. हे आकडे वाचकाने एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. त्यावर आणखी भाष्य करण्याची आम्हांला गरज वाटत नाही.

या साऱ्या वादाच्या केंद्रस्थानी एक शब्द होता: ‘शरइय्या’. अधिमान्यता, वैधता. पदच्युत होण्याच्या आदल्या रात्री मोर्सींनी केलेल्या भाषणात हा शब्द इतक्या वेळा आला की पुढे त्याची टिंगल झाली. त्याचे मूळ आणि ‘शरीअत’चे मूळ एकच आहे. त्यामुळे मतपेटीतून आलेला अधिकार आणि दीनाचा अधिकार या दोन गोष्टी ऐकणाऱ्याच्या कानात मिसळून जातात. आमच्या समजुतीप्रमाणे इख्वानला ही मिसळण गैरसोयीची नव्हती. कतारमधून युसुफ अल-करदावींनी मोर्सींच्या बाजूने फतवा दिला, तेव्हा मतमोजणीचा प्रश्न इमानाचा प्रश्न होऊन बसला.

समोरच्या बाजूनेही एक शब्द आणला आणि तो आमच्या वाचकांच्या अधिक ओळखीचा आहे. २४ जुलै रोजी सिसींनी जनतेकडे ‘तफवीज’ मागितली. दहशतवादाचा, तसेच ‘संभाव्य’ दहशतवादाचा, मुकाबला करण्यासाठी लोकांनी रस्त्यावर येऊन आपल्याला अधिकार सोपवावा, असे त्यांचे आवाहन होते. लोक आलेही. तलाक-ए-तफवीजची चर्चा आपण किती वर्षे करत आलो आहोत! निकाहनाम्यात अट घालून नवरा आपला अधिकार बायकोकडे सोपवतो. तेथे अट लिहिलेली असते, साक्षीदार असतात, कोणत्या प्रसंगी अधिकार वापरता येईल हे ठरलेले असते. सिसींनी मागितलेल्या तफवीजला ना अट होती, ना मुदत. ‘संभाव्य’ या एका शब्दात कोण बसेल हे ठरवण्याचा हक्कही सोपवणाऱ्याने स्वतःकडे ठेवला नाही. तीन आठवड्यांच्या आत राबिआ घडले.

आता साहित्याकडे वळू.

अला अल-अस्वानी हे नाव आपल्याकडे ‘इमारत याकूबियान’मुळे (२००२) परिचित आहे. पेशाने दंतवैद्य. मुबारक सत्तेवर असतानाच ते ‘किफाया’ चळवळीत होते, तहरीर चौकात होते, आणि मार्च २०११ मध्ये दूरचित्रवाणीवर त्यांनी पंतप्रधान अहमद शफीक यांना इतके धारेवर धरले की दुसऱ्याच दिवशी शफीक यांनी राजीनामा दिला. या माणसाच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. २०१३ मध्ये मात्र मोर्सींना हटवण्याच्या लष्कराच्या पावलाला त्यांनी पाठिंबा दिला. वर्षभरातच त्यांचा स्वतःचा वृत्तपत्रीय स्तंभ थांबला. २०१८ साली त्यांची ‘जुम्हूरिय्या कअन्न’ (जणू प्रजासत्ताक) ही कादंबरी बैरूतमधून प्रकाशित झाली, कारण इजिप्तमध्ये ती निघू शकत नव्हती. पुढच्या वर्षी लष्करी अभियोक्त्यांनी लेखकावर खटला भरला.

कादंबरी वाचनीय आहे यात वाद नाही. तहरीरमध्ये पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने वैद्यकीचा विद्यार्थी असलेला मुलगा गमावणारा ड्रायव्हर मदनी, चरस ओढत निष्क्रिय आयुष्य काढणारा आणि उठावाने अचानक जागा होणारा कॉप्टिक नट अश्रफ, सुरक्षायंत्रणेचा प्रमुख अल्वानी आणि त्याची मनाने सच्ची मुलगी दानिया ही माणसे मनात राहतात. अटकेतील तरुणींवर लष्कराने केलेल्या कौमार्य चाचण्या आणि ९ ऑक्टोबर २०११ चे मास्पेरोचे हत्याकांड यांविषयी अस्वानी काहीही हातचे राखून लिहीत नाहीत. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध होणारी ही कादंबरी राबिआपर्यंत येतच नाही. लेखकाने कोठे थांबावे हे समीक्षकाने सांगू नये, हे आम्हांला मान्य आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. संघटनेचा किंवा व्यासपीठावरचा धार्मिक माणूस या कादंबरीत येतो तो ढोंगी म्हणून किंवा हिशेबी म्हणून. शेख शामिल हे पात्र तर व्यंगचित्रच आहे. ज्याच्या मुलाने इख्वानच्या मोर्च्यात जीव गमावला असा एखादा साधा मदनी या जगात जन्मालाच येत नाही. अशा कादंबरीने २०१३ पर्यंत मजल मारली असती तरी तेथे मेलेल्यांसाठी तिच्यात अश्रू उरले नसते. लेखकाची राजकीय भूमिका त्याच्या पात्रनिवडीत कशी उतरते याचे हे उदाहरण आहे. आपल्या परिवर्तनवादी कथांमधले मौलवी आठवून पाहावेत. किती जण माणूस म्हणून उभे राहिले आहेत?

एकटे अस्वानीच असे वागले, असे मात्र कोणी समजू नये. २००३ साली कैरोच्या ऑपेरा हाऊसमध्ये व्यासपीठावर जाऊन सरकारी पुरस्कार नाकारणारे सनुल्लाह इब्राहीम (मृत्यू २०२५) यांचाही कल २०१३ मध्ये लष्कराकडेच झुकला. अल-बरादेईंनी हत्याकांडाच्या दिवशीच उपराष्ट्राध्यक्षपद सोडले तर त्यांनाच देशद्रोही ठरवण्यात आले. अझहरच्या शेखांनी कारवाईची आपल्याला पूर्वकल्पना नव्हती असे निवेदन दिले.

बस्मा अब्दुल अझीझ यांची ‘अल-ताबूर’ (रांग) ही कादंबरी आम्हांला या सर्वांत मोलाची वाटते. बस्मा मनोविकारतज्ज्ञ आहेत. छळ सोसलेल्यांवर उपचार करणाऱ्या नदीम केंद्रात त्यांनी काम केले आहे. कादंबरी २०१३ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे राबिआच्या आधी लिहिलेली. तरीही राबिआनंतर काय होणार हे जणू तिने आधीच सांगितले. एका अनाम शहरात फसलेल्या उठावानंतर ‘दरवाजा’ नावाची सत्ता उभी राहते. प्रत्येक गोष्टीला तिची परवानगी लागते आणि दरवाजा तर बंदच असतो. लोक रांग लावतात, रांग मैलोन्‌मैल वाढते. यह्या नावाच्या माणसाच्या ओटीपोटात ‘लाजिरवाण्या घटनां’च्या दिवशी लागलेली गोळी अडकली आहे. ती काढायलाही परवानगी हवी. डॉक्टर तारिक घाबरट आहे, वाईट नाही. तो यह्याची फाईल पुन्हापुन्हा उघडून वाचतो, एवढेच त्याच्याने होते. मग अधिकृत निर्वाळा येतो: त्या दिवशी गोळी झाडलीच गेली नव्हती. क्ष-किरण चित्रे नाहीशी होतात. पुरावा एकच उरतो, तो यह्याच्या शरीरात, आणि तो शरीराला आतून खात असतो.

या कादंबरीतली आम्हांला सर्वांत अस्वस्थ करणारी व्यक्ती आहे अमानी, यह्याची प्रेयसी. गोळीचा पुरावा मिळवायला ती इस्पितळात जाते, पकडली जाते, काळोखात कोंडली जाते. परत येते ती खचून. शेवटी गोळी झाडलीच नव्हती हे ती स्वतःला पटवून देते, कारण तसे मानले तरच तिला जगता येते. छळाचे असे परिणाम डॉक्टर म्हणून रोज पाहिलेल्या बाईनेच हे लिहावे! रांगेत धर्माचे उपदेश करणारा एक जुब्बेवालाही आहे आणि त्याच्याविषयी लेखिकेला ममत्व नाही. तरी तो रांगेतच उभा आहे. लोकांना चिरडताना मेलेल्या शिपायाचा भाऊही आहे, त्यालाही कागद हवा आहे. रांगेत उभे राहण्यासाठी कोणाची पात्रता तपासली जात नाही. अस्वानींच्या कादंबरीत जे नाही ते येथे आहे.

मुहम्मद दियाब यांचा ‘इश्तिबाक’ (२०१६) हा चित्रपट याच वाटेने जातो. सारा चित्रपट पोलिसांच्या एका बंद गाडीच्या आत घडतो. पत्रकार, लष्कराचे समर्थक, इख्वानचे कार्यकर्ते, एक परिचारिका, एक हिजाबातली मुलगी असे सगळे एकाच पत्र्यात उकडत आहेत. येथेही इख्वानवाले आधी ‘सभासद कोण आणि नुसता सहानुभूतीदार कोण’ याची विभागणी करू लागतात. दिग्दर्शकाची ही नजर तिरकस आहे आणि खरीही. आपल्याकडे जुलै १९७५ मध्ये संघ आणि जमाते इस्लामी यांच्यावर एकदमच बंदी आली आणि समाजवाद्यांसह ते सारे तुरुंगात शेजारी झाले. त्या शेजाराची गोष्ट कोणीतरी ताकदीने लिहावी असे आम्हांला हा चित्रपट पाहताना वाटत राहिले. दियाब यांचे न्यून एवढेच की दोन्ही बाजूंना सारखे माप देण्याच्या आग्रहात गाडीला कुलूप कोणी लावले हा प्रश्न मागे पडतो. आणि एवढा सावध चित्रपटही सेन्सॉरला झेपला नाही. हिंसेचा दोष इख्वानवर टाकणारी सूचना सुरुवातीला घातल्यानंतरच तो इजिप्तमध्ये दाखवला गेला.

‘अल-इख्तियार’च्या दुसऱ्या भागाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. २०२१ च्या रमजानमध्ये घरोघर इफ्तारनंतर ही मालिका पाहिली गेली. राबिआची कारवाई तिने सुरक्षादलांच्या संयमाची कथा म्हणून दाखवली, मधूनमधून खरी चित्रफीत पेरून. बस्मांच्या कादंबरीतला ‘दरवाजा’ यापेक्षा वेगळे काही करत नाही. पुढच्या वर्षीच्या भागात सिसी हे स्वतःच एक पात्र होऊन आले.

आमच्या काही मित्रांचे म्हणणे असते की इख्वानसाठी रडणे म्हणजे त्यांच्या राजकारणाला बळ देणे. राबिआच्या व्यासपीठावरून झालेली कॉप्टिकविरोधी भाषणे आणि नंतरच्या दिवसांत चाळीसहून अधिक चर्चवर झालेले हल्ले ते दाखवतात. हे हल्ले झाले, त्यांचा निषेध करायलाच हवा, आणि इख्वानच्या नेत्यांनी त्याची जबाबदारी नीट घेतली नाही. पण चर्च जाळणाऱ्याला पकडून त्याच्यावर खटला चालवण्यासाठी चौकात बसलेल्या शेकडो माणसांना मारावे लागत नाही. आणि ही बंदूक एका दिशेलाच तोंड करून राहील असे ज्यांना वाटले, त्यांना नोव्हेंबर २०१३ च्या निदर्शनविरोधी कायद्याने उत्तर दिले. त्याखाली पहिल्याच आठवड्यात पकडलेल्यांत अला अब्दुल फत्ताह होते, इख्वानचे उघड विरोधक, तहरीरच्या तरुणांचे लाडके. पुढच्या बारा वर्षांतली बहुतेक त्यांनी तुरुंगात काढली. सप्टेंबर २०२५ मध्ये माफी मिळून ते सुटले. उलट २०१८ च्या कायद्याने त्या काळातील वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांना खटल्यांपासून संरक्षण मिळाले आणि त्याच वर्षी राबिआच्या खटल्यात ७५ जणांना फाशी सुनावली गेली.

राबिआ म्हणजे चौथी. बसऱ्याची ती सूफी बाई चौथी मुलगी म्हणून जन्मली, अशी कथा आपल्या घराघरांत सांगतात. तिच्या नावाच्या चौकाला २०१५ पासून हिशाम बरकात यांचे नाव आहे. चौक मोकळा करण्यास कायदेशीर परवानगी देणारे ते सरकारी अभियोक्ता. त्यांचीही त्याच वर्षी बॉम्बस्फोटात हत्या झाली.

ही पुस्तके आम्ही इंग्रजी अनुवादातून वाचली. आपल्या समाजात अरबी अक्षरे जवळजवळ प्रत्येकाला वाचता येतात आणि अर्थ फार थोड्यांना कळतो. ज्यांना कळतो ते मदरशांतून शिकून आलेले तरुण. घरी ते मराठी बोलतात, आणि साहित्यसंमेलनांच्या निमंत्रणपत्रिका त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. ‘अल-ताबूर’ मराठीत आणायची तर ते काम त्यांच्याकडे द्यावे, सोबत एक चांगला मराठी संपादक द्यावा आणि मानधन रोख द्यावे. अझहरच्या त्या काळातल्या भाषेवर बस्मांनी एक अभ्यासग्रंथही लिहिला आहे. पुढचा क्रमांक त्याचा लागावा.