भाच्याचे घोडे

न्यू जर्सीतल्या आमच्या भाच्याकडे पहिल्या पिढीतली, १.६ लिटरची माझदा मियाटा आहे. वजन हजार किलोच्या आत, घोडे सुमारे ११५. रोज हिच्यातूनच ऑफिसला जातो. गाडी मुळातच गुणी. पण भाच्याला ती सुधारायची होती.

पहिल्यांदा सायलेन्सर बदलला. ज्याचं नावच सायलेन्सर, तो आवाज वाढवण्यासाठी घ्यायचा! वाढले असतील तर तीन-चार घोडे, पण खिंकाळतात अख्ख्या पागेएवढे. मग कडक स्प्रिंगा आल्या. शर्यतीच्या ट्रॅकवर ठीक. इथे अक्काच्या कमरेने एकेक खड्डा मोजला. टायर मात्र जुनेच, वाळलेल्या भाकरीसारखे. परवा पावसात सिग्नलला ब्रेक दाबला, तर गाडी पुढच्या ट्रकच्या वीतभर अलीकडे थांबली. अक्काची रामरक्षा अर्धी झाली होती.

"अरे, गाडी रस्त्याला टेकते ती चार तळव्यांएवढ्या रबरावर. आधी टायर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल बघ!"

"पण मामा, ते कोणाला दिसत नाही ना!"

शेवटी टायरचे पैसे अक्कानेच दिले. सायलेन्सर तेवढा राहिलाय. दोन रस्ते अलीकडूनच ऐकू येतो, मग अक्का कुकर लावते.