इनामगावची गोल झोपडी



स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर स्कारा ब्रे नावाची सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची वस्ती आहे. १८५० च्या वादळात वरची वाळू उडाली आणि ती उघडी पडली. काही वर्षांपूर्वी मी ती पाहिली. दगडी पलंग, दगडी फडताळं, मधोमध चूल. घरातली माणसं शेतावर गेलीत, इतकंच वाटतं.

आपल्या केडगावपासून फार लांब नाही, शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगाव आहे. तिथली घरं मातीची आणि कुडाची. उरलं काय, तर चोपलेल्या जमिनी, खांबांचे खळगे, चुली. म्हणून इनामगाव पाहायचं ते अहवालातच.

डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी यांचा अहवाल १९८८ साली आला. एक-दोन खड्डे घेऊन न थांबता त्यांनी वस्तीचा मोठा भाग उघडा केला, शंभरावर घरं नोंदवली. हे काम थोरच आहे. माझी तक्रार आहे ती एका शब्दाबद्दल.

इ. स. पू. १६०० ते ७०० असा या वस्तीचा काळ. आधी मोठी चौकोनी घरं, गहू-बार्ली, पाण्याचा पाट. इ. स. पू. १००० नंतर लहान गोल झोपड्या, जाडीभरडी भांडी, शेतीपेक्षा मेंढ्या-शेळ्यांवर आणि शिकारीवर भर. ढवळीकरांचा निष्कर्ष असा, की पाऊस कमी झाला, लोक गरीब झाले, अर्धभटके झाले. याला ते ऱ्हास म्हणतात.

आता बघा. खांबांचे खळगे गोलाकार आहेत, हा पुरावा. धान्य कमी झालं, हाही पुरावा. पण 'ऱ्हास' खणताना सापडत नाही. तो आपण आणतो. चौकोनी घरात राहून गहू खाणं म्हणजे प्रगती, हे आधीच धरलेलं असतं. ते सिद्ध कुठे केलं?

तुम्ही म्हणाल, सर, भूक ही भूकच. मान्य. त्या लोकांनी हाल सोसले असतील, ते मी नाकारत नाही. पण हाल झाले म्हणणं वेगळं आणि माणसं खालावली म्हणणं वेगळं. दुष्काळात मेंढरं घेऊन बाहेर पडणारा आपल्याकडचा धनगर काय खालावलेला शेतकरी असतो? कुठं चारा, कुठं पाणी, कुणाच्या रानात कळप बसवायचा, हे ज्ञान आहे. विहीर आटली तरी ते आटत नाही.

तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला तर आपलं म्हणणं ऐकूही येणार नाही. पण हाच शब्द आज पालावर राहणाऱ्याला लावला जातो, आणि त्याच्या पोराला शाळेत तो ऐकू येतो. म्हणून अहवाल वाचताना पुरावा कुठे संपला आणि आपलं मत कुठे सुरू झालं, तिथं पेन्सिलीनं एक रेघ मारा. एवढंच सांगायचं होतं.