'सामना' : मास्तर आलेच नसते तर?

जब्बार पटेलांचा 'सामना' १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. आपल्यापैकी बहुतेकांच्या लक्षात राहिली ती निळू फुले आणि श्रीराम लागू यांची जुगलबंदी. परवा टूवूंबाच्या घरी पुन्हा पाहताना मला मात्र एक गोष्ट खटकली.

साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटलाच्या मुठीत सारा परिसर आहे. त्याला अडचणीत आणतो एक दारुडा गांधीवादी मास्तर. मारुती कांबळेचा विषय तो सोडत नाही. पण मास्तर तिथे आलाच नसता तर? तेंडुलकरांच्या पटकथेत दुसरा कुठलाच अडसर नाही.

आमच्या संगणकाच्या धंद्यात वापरणारा सज्जन आहे असं गृहीत धरून कोणी तपासणी करत नाही. सहकारात मात्र तसं धरलं गेलं. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ होते, तेव्हा 'एक सभासद, एक मत' शोभून दिसलं. पण ऊस वेळेवर तुटला नाही तर वाळतो, वजन घटतं. तोडणीची पाळी ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध मत देणार कोण? या हिशेबात चित्रपट फारसा शिरत नाही, ही माझी मुख्य तक्रार. (संचालकांच्या निवडणुका स्वतंत्र यंत्रणेकडे देणारी २०११ची ९७वी घटनादुरुस्ती राज्यांतल्या संस्थांपुरती सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये रद्द ठरवली, निम्म्या राज्यांची संमतीच घेतली नव्हती!)

आपल्या क्वीन्सलँडचाही एक हिंदुराव होता म्हणा ना. टूवूंबाच्या उत्तरेला किंगरॉयचे भुईमूगवाले जो ब्येल्के-पीटरसन १९६८ ते १९८७ प्रीमियर होते. वरिष्ठ सभागृह १९२२ सालीच मोडीत निघालेलं, मतदारसंघ सोयीचे. इथलाही 'मास्तर' बाहेरूनच आला : १९८७चा एबीसीचा एक कार्यक्रम. पण पुढे फिट्झजेराल्ड चौकशी झाली, माजी पोलीस आयुक्त १९९१मध्ये तुरुंगात गेले, आणि १९८९पासून भ्रष्टाचारावर नजर ठेवणारा कायमचा आयोग आला. नावं बदलत तो आजही आहे. मास्तरचा प्रश्न विचारायला पगारी माणसं बसवली, एवढाच फरक. 'सामना'त नेमकं हेच सुचत नाही.

तरीही तेंडुलकरांना एक गोष्ट द्यायलाच हवी. हिंदुराव नुसता खलनायक नाही. कारखाना त्यानेच उभा केलाय, मास्तरला घरी आणून सांभाळतोही तोच.