कैसराचे नाणे आणि डबीवरची चिठ्ठी

प्राचीन रोमन नाणी जमविण्याचा छंद निरुपद्रवी मानला जातो. सातारा-सांगलीकडील एखाद्या ख्रिस्ती घरी मखमली डबीत तिबेरियस कैसराचा रुप्याचा दिनार असावा, डबीवर ‘प्रभू येशूने हाती घेतलेले नाणे’ अशी चिठ्ठी असावी आणि पाहुण्यांनी ते भक्तिभावाने न्याहाळावे, यात वावगे ते काय, असे कोणीही विचारील. आमचा आक्षेप छंदाला नाही. तो त्या चिठ्ठीला आहे. आणि तीत जे लिहिलेले नसते, त्याविषयी तर अधिकच आहे.

शुभवर्तमानकारांनी प्रभूने नाणे दाखवावयास सांगितल्याचे लिहिले आहे. ते हाती घेतल्याचे कोठेही लिहिलेले नाही. शिवाय ते नाणे तिबेरियसचेच होते, याविषयी विद्वानांत एकमत नाही. ऑगस्टसचेही दिनार त्या काळी चलनात होते. इसवी सन १४ ते ३७ या काळात राज्य करणाऱ्या तिबेरियसचे ते नाणे अर्थपूर्ण आहे, हे मात्र खरे. त्यावर कैसर स्वतःला ‘दिव्य ऑगस्टसचा पुत्र’ म्हणवितो आणि मागील बाजूस ‘महापुरोहित’ ही पदवी मिरवितो. परूश्यांच्या प्रश्नातील पेच या लेखामुळे किती धारदार होतो! पण व्यापाऱ्याला हा पेच विकावयाचा नसतो, त्याला पावित्र्य विकावयाचे असते. ‘विधवेची दमडी’ म्हणून जे तांब्याचे बारीक नाणे विकले जाते, ते तर बहुधा रोमन नसतेच. ते ख्रिस्तपूर्व काळातील यहुदी राजा अलेक्झांडर यान्नेयस याचे असते.

विशेष हे की, ज्या तिबेरियसच्या दिनारासाठी आपण परदेशी याद्या चाळतो, तोच दिनार एके काळी मिऱ्यांच्या व मलमलीच्या मोबदल्यात भारतात ढिगांनी येत होता. रोमचे दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स भारतात जातात, अशी प्लिनीची तक्रार आहे. तेलंगणातील अक्कनपल्ली येथील एकाच साठ्यात दीड हजारांवर दिनार निघाले. असा साठा एकत्र राहिला म्हणजे कोणत्या राजाची किती नाणी आली, त्यांवर छेद दिलेले आहेत काय, ती किती झिजली, हे कळते. तीच नाणी दीड हजार डब्यांत विखुरली तर उरतात फक्त दीड हजार चेहरे.

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्यावे. कोल्हापूरला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४४ ते १९४६ या काळात उत्खनने झाली. तेथे समुद्रदेव पोसायडनची काशाची लहानशी मूर्ती इतर धातुवस्तूंबरोबर मिळाली. आज ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया व दीक्षित यांनी १९४५-४६ च्या उत्खननाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. हा परदेशी देव कोठल्या वस्तूंच्या सोबतीने सापडला हे नोंदले गेले, म्हणूनच त्याच्यावरून सातवाहनकालीन कोल्हापूरचा समुद्रापलीकडील व्यवहार सांगता येतो. तीच मूर्ती एखाद्या दिवाणखान्यात असती, तर ती केवळ शोभेची बाहुली ठरली असती. कराडजवळच्या आगाशिवच्या डोंगरातील लेणी त्याच प्राचीन काळाची. त्या परिसरात नांगरामागे एखादे नाणे वर आले, तर त्याची खरी किंमत त्या शेताच्या नावात असते.

आमच्या बायाबापड्यांचा छंद या बाबतीत अधिक प्रामाणिक होता, असे आम्हांस वाटते. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटला आपल्याकडे ‘पुतळी’ म्हणत. त्यावर एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती आणि दुसऱ्या बाजूस ख्रिस्त असे. अशा पुतळ्यांची माळ अनेक घरांतील स्त्रियांनी गळ्यात घातली. कोणाला ती चित्रे आपल्याच देवांची वाटली असतील. पण त्यांनी त्यांवर खोटी चिठ्ठी कधी डकविली नाही.

कायदाही येथे लक्षात घ्यावा लागतो. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या धनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूंच्या व्यापारास परवाना आवश्यक केला. तरीही विकणाऱ्यास ‘हे कोठे सापडले?’ असे विचारणारा संग्राहक विरळा. ज्याच्या पावतीवर गावाचे नाव नाही असा दिनार, तो अस्सल असला तरी, आम्ही विकत घेणार नाही.