हजेरी घेणाऱ्या हाताची कादंबरी

कथालेखनाच्या शिबिरांत एक प्रश्न ठरलेला असतो: विषय कुठून आणायचा? गेल्या वर्षी बार्शीकडच्या एका शिबिरात मी मागच्या बाकावर ऐकायला बसलो होतो. पंचविशीतल्या एका मुलाने उभे राहून तोच प्रश्न विचारला. मार्गदर्शकांची उत्तरे वाईट नव्हती. प्रवास करा, खिशात वही ठेवा, एसटी स्टँडवर बसून माणसांची बोलणी ऐका. मुलगा सगळे मुकाट्याने लिहून घेत होता. मला मात्र त्या दिवसापासून मालतीबाई बेडेकरांनी सोडलेले नाही.

मालतीबाई म्हणजे विभावरी शिरूरकर, माहेरच्या बाळूताई खरे. जन्म १९०५चा. हिंगण्याला कर्व्यांच्या संस्थेत त्या शिकल्या आणि पुढे कन्याशाळेत शिकवू लागल्या. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' टोपणनावाने प्रसिद्ध झाले, तेव्हा ही बाई आहे तरी कोण, या चौकशीनेच पांढरपेशा महाराष्ट्र हैराण झाला. पाठोपाठ १९३४ला 'हिंदोळ्यावर' आले. शिकलेल्या, चार पैसे मिळवणाऱ्या आणि त्या मिळकतीपायीच घरात अडकून पडलेल्या मुलींचे मन त्यांनी लिहिले. हे मन शोधायला त्यांना कुठे जावे लागले नाही. वसतिगृहात, शिक्षिकांच्या खोलीत ते शेजारीच बसलेले होते. किंबहुना त्या स्वतः त्याच रांगेत उभ्या होत्या.

त्यानंतरचा टप्पा आपल्या टीकेने नुसता नोंदवला आहे, वाचलेला नाही. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात मालतीबाई सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये सरकारी अधिकारी म्हणून गेल्या. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जातीच्या जाती गुन्हेगार ठरवल्या होत्या. तिथे मूल जन्मतःच संशयित असे. अशा माणसांना तारेच्या कुंपणात ठेवायचे, ठरल्या वेळी त्यांची हजेरी घ्यायची आणि बाहेर जायचे तर परवानगी मागायला लावायची, ही सेटलमेंटची रीत. मालतीबाईंनी तिथे सुमारे तीन वर्षे काढली. मांग-गारुडी समाजाच्या तिथल्या जिण्यावरची 'बळी' ही कादंबरी यायला मात्र १९५० उजाडले.

माझा प्रश्न या दहा वर्षांपुरता आहे. हिंगण्याचा अनुभव ज्या हाताने भराभर लिहिला, तो हात सोलापूरपाशी का थबकला? सरकारी नोकरीत लिहिणे अवघड, हे एक कारण सांगता येईल. पण नोकरी सुटल्यावरही बरीच वर्षे गेली. संसार आडवा आला म्हणावे, तर त्याच घरात विश्राम बेडेकरांनी बोटीवरच्या प्रवासाचा अनुभव १९३९ मध्ये 'रणांगण'मध्ये उतरवला होता. (बाईचा संसार आणि बुवाचा संसार यांत फरक असतो, हे कबूल, तरी तेवढ्याने भागत नाही.) बेडेकर बोटीवर प्रवासी होते. त्यांच्या हाती कुणाच्या मुक्कामाचा परवाना नव्हता. मालतीबाई कुंपणाच्या दाराशी होत्या, आणि दाराच्या ज्या बाजूला किल्ली असते त्या बाजूला.

माझा तर्क असा की 'बळी'ची प्रेरणा त्या दैन्यात नाही. दैन्य सोलापूरच्या पुष्कळ भल्या माणसांनी पाहिले होते. त्यांतल्या कुणी कादंबरी लिहिली नाही. आपण दयेने वागतो आहोत आणि तरीही आपला पगार या कुंपणातून येतो, या अडचणीत तिची प्रेरणा आहे. अशा अनुभवाची कथा लगेच होत नाही, कारण लगेच लिहायला बसले की लेखक आधी स्वतःची सुटका करून घेतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका तालुक्याच्या कचेरीत मी बावीस वर्षे कारकुनी केली. निराधार योजनेच्या टेबलावर असताना एक म्हातारी दर पंधरवड्याला येई. तिचा एक दाखला कमी होता. तो कुठून मिळेल, हे मला ठाऊक होते. कामाच्या गर्दीत मी तिला 'पुढल्या खेपेला या' असे चार वेळा सांगितले. पाचव्या खेपेला ती आली नाही. मी तिच्यावर गोष्ट लिहिली, ती एका मासिकात छापूनही आली. वर्षभराने वाचली तेव्हा लाज वाटली. गोष्टीतला कारकून माझ्यापेक्षा बरा निघाला होता. तो खुर्चीवरून उठून तिच्याबरोबर तलाठ्याकडे गेला होता.

आपल्याकडे प्रेरणेच्या गोष्टी वेगाने सांगितल्या जातात. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहून काढली, हे शाळकरी पोरालाही माहीत असते. पण आई वारली १९१७ साली आणि पुस्तक लिहिले १९३३च्या फेब्रुवारीत, हे पंधरा वर्षांहून अधिक अंतर कुणी सांगत नाही. त्या पाच दिवसांचे मोल मला कमी करायचे नाही. आईचे ऐकले नाही, हा बोचरा धागा त्या पुस्तकात जागोजाग आहे, आणि तो पाच दिवसांत विणलेला नाही.

आता 'बळी'चा उणेपणा. पुस्तकांची नावे शेजारी मांडली तरी तो दिसतो. लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ मध्ये. समाजाने फेकून मारलेला शब्द या दोघांनी उचलून मुखपृष्ठावर ठेवला. 'बळी' हा शब्द मात्र कुंपणातल्या कुणाचा नव्हे. तो बाहेरून पाहणाऱ्याचा आहे. त्यात न्याय आहे, कणव आहे, सरकारी कागदावरच्या 'गुन्हेगार' या शिक्क्याला दिलेले थेट उत्तरही आहे. हा कायदा देशभरातून १९५२ मध्ये गेला. त्याच्या दोन वर्षे आधी हे उत्तर छापून यावे, हे थोडे नाही. पण बळी गेलेल्याला स्वतःचे बोलणे उरत नाही. 'उचल्या' वाचल्यावर 'बळी'तली ही शांतता ऐकू येऊ लागते.

म्हणून काही तरुण अभ्यासक 'बळी' बाजूला सारतात: आतल्यांनी लिहिल्यावर बाहेरच्यांचे कशाला वाचायचे? मला हे पटत नाही. कुंपणाच्या आतून लिहिणाऱ्याला दाराशी उभ्या माणसाचे मन लिहिता येईलच असे नाही, आणि त्याने ते का लिहावे? ते काम दाराशी उभ्या माणसाचेच. 'बळी'कडे मांग-गारुडी जीवनाचे चित्रण म्हणून बोट दाखवण्याची सवय आपण सोडावी आणि हजेरी घेणाऱ्या हाताची कादंबरी म्हणून ती वाचावी. तशी वाचली तर मराठीत तिला फारशा बहिणी नाहीत. तलाठी, मुनीम, मुकादम, वॉर्डन, शिपाई या सगळ्यांच्या हाती कुणाची ना कुणाची हजेरी असते, आणि आपल्या कथांत ते एकतर खलनायक असतात नाहीतर देवमाणूस.

शिबिर संपल्यावर तो मुलगा चहाच्या टपरीवर भेटला. काय करतोस, विचारले.

"काही नाही सर, मामा मुकादम आहेत. हंगामाला त्यांचा हिशोब लिहितो."

"कसला?"

"उचलीचा. कोणत्या कोयत्याला किती दिली, किती फिटली."

कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारे नवरा-बायकोचे जोडपे, हे या भागात कुणाला सांगावे लागत नाही. त्याने पिशवीतून वही काढली. शिबिराच्या टिपणांसाठी नवी वही घ्यायची राहिली म्हणून त्याने हिशोबाचीच मागून वापरली होती. मागच्या चार पानांवर प्रवास करा, माणसे वाचा. पुढे नावे, आकडे, अंगठे. एका नावावर काट मारून त्याच्याखाली त्याच आडनावाचे दुसरे नाव लिहिले होते, आणि बाकी तशीच पुढे ओढली होती.

"हे कोण?"

"त्याचा पोरगा. बाप वारला मागल्या हंगामात."

"आणि हे अक्षर कुणाचे?"

"माझंच की, सर."