'निचरा कमी' म्हणजे नेमकं काय? बुलढाण्याच्या काळ्या जमिनींवरचं संशोधन वाचताना

खोलगट भागातल्या जमिनींवरचा कुठलाही शोधनिबंध उघडा, पहिल्या दोन पानांत 'निचरा कमी असलेली जमीन' हे शब्द सापडतातच. आपणही ते उचलतो आणि आराखड्यात टाकतो. माझा आक्षेप या शब्दांनाच आहे. बीबीसारख्या गावात (तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा) ते जसेच्या तसे वापरले, तर तुमचं अर्धं काम तिथंच फसतं.

का, ते सांगतो. निचऱ्याचे वर्ग आपण अमेरिकी मृदा सर्वेक्षणाकडून घेतले. तिथं शेतात निचरा ओळखतात तो मातीच्या रंगावरून. माती बराच काळ पाण्याखाली राहिली की लोहाचं क्षपण होतं, तांबूस रंग जातो, करडी छटा आणि ठिपके येतात. मुन्सेलच्या रंगपुस्तकात क्रोमा २ किंवा त्याहून कमी आला की संशय घ्यायचा. आता आपली काळी माती त्या पुस्तकाशी लावून बघा. १० वायआर ३/१ किंवा ३/२, म्हणजे क्रोमा मुळातच १-२. या निकषानं अख्खा विदर्भ दलदल ठरेल! उलट बाजूही आहे. सेंद्रिय कर्ब कमी, सामू आठच्या वर आणि पाणी साचून राहतं ते पावसाळ्यातले काही आठवडेच. त्यामुळे जिथं खरोखर पीक पिवळं पडतं तिथंही ठिपके दिसतीलच असं नाही.

आपल्याकडे यासाठी एक शब्द नाही, निदान दोन आहेत. चिबड आणि चोपण. चिबड म्हणजे लवणातलं वावर, जिथं वरच्या उतारावरचं पाणी येऊन साचतं आणि वाफसा लवकर येत नाही. चोपण म्हणजे ज्या मातीच्या चिकणकणांवर सोडियम बसलाय ती. पाऊस पडला की कण विखुरतात, छिद्रं बुजतात, पाणी वर थांबतं आणि खाली माती कोरडी. वरून दोन्ही वावरं सारखीच दिसतात. उपाय मात्र वेगळे. चिबड जमिनीला चर काढून पाण्याला वाट द्यावी लागते, तिथं जिप्सम टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. चोपण जमिनीत नुसता चर काढला तर चरापर्यंत पाणी पोचतच नाही, आधी जिप्सममधून कॅल्शियम द्यावं लागतं. जमिनीत चुनखडी भरपूर असतेच, पण एवढ्या सामूला ती फारच सावकाश विरघळते. 'निचरा कमी' एवढंच लिहून थांबलेला प्रबंध यातलं काहीच सांगत नाही.

दुसरा घोळ नावाचा. पूर्णा खोऱ्यातल्या जमिनींवर चांगलं काम झालंय, म्हणून बुलढाणा जिल्ह्यावर लिहिणारा विद्यार्थी ते बिनधास्त उद्धृत करतो. पण पूर्णा दोन आहेत! संशोधनातली पूर्णा सातपुड्यातून येते, तापीला मिळते, आणि शेगाव-संग्रामपूरकडचा खारपाणपट्टा तिच्या खोल गाळाचा आहे. तिथं भूजलच खारं. बीबी मात्र घाटाच्या वर, गोदावरी खोऱ्यात. इकडची पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. इकडे बेसाल्ट वरच असतो. माथ्यावर बरड-मुरमाड, उतारावर मध्यम आणि लवणात भारी काळी असा क्रम एकाच शिवारात मिळतो. जिल्हा एक आणि नदीचं नाव एक, म्हणून निष्कर्ष इकडे आणता येत नाहीत.

आता ज्या कामाबद्दल मला खरा आदर आहे त्याकडे येतो. १९५४ च्या अमेरिकी हस्तपुस्तिका क्र. ६० नं विनिमयक्षम सोडियमची सीमा १५ टक्के ठरवली, आणि आपण ती पाठ केली. ऑस्ट्रेलियानं स्वतःच्या मातीकडे बघून ती ६ वर आणली. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोच्या डी. के. पाल आणि सहकाऱ्यांनी तापीकडच्या पूर्णा खोऱ्यात दाखवलं की ५ टक्क्यांच्या आसपासच पाण्याची वाट बंद व्हायला लागते. कोरड्या हवामानात चुनखडी तयार होत जाते, कॅल्शियम त्यात अडकतं आणि खालच्या थरात सोडियमचा वाटा वाढतो. सिंचन नसतानाही हे घडतं. पुढे २००३ मध्ये कडू आणि सहकाऱ्यांनी 'सॉइल यूज अँड मॅनेजमेंट'मध्ये टक्केवारीचा नाद सोडून थेट संपृक्त जलवाहकतेवरच जमीन तोलायचा प्रस्ताव मांडला. कारण झिओलाइट किंवा जिप्सम असलेल्या मातीत सोडियम असूनही पाणी उतरतं, आणि कधी मॅग्नेशियममुळेही ते अडतं. मोजायचं ते पाणी, हा विचार मला फार पटतो.

पण याच निबंधाच्या शीर्षकातले तीन शब्द वाचणारे बहुतेक जण गाळतात: 'खोल मुळांच्या पिकांसाठी'. तपासलं होतं ते कापसावर. आज बीबीच्या परिसरात खरिपात बघाल तर सोयाबीन. त्याची मुळं तेवढी खोल जात नाहीत आणि त्याला मारक ठरतं ते वरच्या थरात काही दिवस थांबलेलं पाणी. कापसासाठी काढलेली जलवाहकतेची सीमा सोयाबीनच्या प्रबंधात तपासल्याशिवाय चिकटवणं म्हणजे १५ टक्क्यांचीच गोष्ट पुन्हा करणं. शिवाय जलवाहकतेचा आकडा दिसला की आधी विचारा, मोजला कसा? चाळलेल्या मातीवर प्रयोगशाळेत की शेतात? जूनच्या पहिल्या पावसात हीच काळी माती भेगांतून पाणी गटागटा पिते आणि ऑगस्टमध्ये फुगून भेगा मिटल्यावर थेंब घेत नाही. मग हिचा निचरा कोणता म्हणायचा, जूनचा की ऑगस्टचा?

आणि मृदा आरोग्य पत्रिका? २०१५ पासून ती आहे, तीत बारा घटक असतात. सामू, क्षारता, कर्ब आणि अन्नद्रव्यं. विनिमयक्षम सोडियम नाही, जलवाहकता नाही, खोली नाही. नमुना वरच्या वीतभर थराचा आणि कोरडवाहू भागात १० हेक्टरला एक. त्या दहा हेक्टरांत बरड आणि लवण दोन्ही येऊ शकतात. खतासाठी तो कागद ठीक आहे, निचऱ्यासाठी तो पुरावा म्हणून जोडू नका.

जमिनीच्या वापरावर लिहिताना अजून एक सवय खटकते, 'पारंपरिक पद्धत मागास होती' हे वाक्य. भारी जमीन खरिपात पड ठेवून रब्बीत ज्वारी-हरभरा घेणं ही निचऱ्याचीच तोड होती. पावसाळ्यात ओल साठवायची, वाफसा आला की पेरायचं. इक्रिसॅटनं ती पडीक बघूनच रुंद वरंबा-सरीचं तंत्र बसवलं. आज सोयाबीनसाठी तेच बीबीएफ म्हणून सांगितलं जातं. चिबड वावरात ते जादा पाणी सरीतून काढतं. चोपणात तेवढ्यानं भागत नाही.

तेव्हा आराखडा लिहिताना एकाच उतारावर तीन खड्डे ठरवा: माथा, मधला उतार, लवण. मीटरभर खोल, थरांनुसार सोडियम आणि मॅग्नेशियम दोन्ही. आणि शेतकऱ्याला विचारून प्रत्येक मोठ्या पावसानंतर वाफसा किती दिवसांनी आला, ते टिपा. हा रकाना अजून कुठल्या पत्रिकेत नाही. वही जूनपासूनच सुरू करा. ऑगस्टमध्ये गेलात तर लवणातल्या खड्ड्यात पाणी असेल, मग ते किती दिवस उतरत नाही तेच मोजा.