कुलूप मोडले कोणी?

संगणकाच्या सुरक्षिततेसाठी म्हणून एखादी सुधारित आवृत्ती बसवावी आणि काल सुरळीत चालणारे काम आज बंद पडावे, हा अनुभव आता शाळेच्या कार्यालयातही नवा राहिलेला नाही. अशा वेळी आपला निकाल तयार असतो : ‘जुनेच बरे होते, नव्याने बिघडवले.’ हा निकाल नेहमीच बरोबर असतो का, हे तपासण्यासाठी २०१५ सालची एक घटना पाहू.

संगणकांमधील संभाषण गुप्त ठेवण्यासाठी ओपनएसएसएल नावाची आज्ञावली जगभर वापरली जाते. ११ जून २०१५ रोजी तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या. त्या बसवल्यावर अनेक ठिकाणी मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसशी होणाऱ्या गुप्त जोडण्या तुटल्या. पडद्यावर त्रुटी क्रमांक २०२६ उमटे आणि जोडणी नाकारली जाई. मग दोष ओपनएसएसएलचाच, असे कोणालाही वाटेल.

निकाल देण्यापूर्वी थोडे गणित करू. दोन अनोळखी संगणकांनी उघड्या तारेवरून बोलत असताना एक गुप्त किल्ली ठरवायची कशी? १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी याचे सुंदर उत्तर प्रसिद्ध केले. ते वर्गातही करून पाहता येते. फळ्यावर १३ आणि २ या संख्या लिहा. एका विद्यार्थिनीने मनात ५ धरावे. २ चा पाचवा घात ३२, त्याला १३ ने भागून बाकी ६. हे ६ तिने मोठ्याने सांगावे. एका विद्यार्थ्याने मनात ४ धरावे. २ चा चौथा घात १६, बाकी ३. हे ३ त्याने सांगावे. आता तिने ३ चा पाचवा घात काढावा : २४३, बाकी ९. त्याने ६ चा चौथा घात काढावा : १२९६, बाकी पुन्हा ९! दोघांकडे एकच संख्या आली आणि ती कोणीही उच्चारली नाही. हीच पुढच्या संभाषणाची किल्ली.

अर्थात १३ इतकी लहान मूळ संख्या असेल तर उरलेला वर्ग सगळे घात तपासून मनातले ५ पाच मिनिटांत शोधून काढील. सारी सुरक्षितता त्या मूळ संख्येच्या मोठेपणावर आहे. मायएसक्यूएलमधली संख्या ५१२ बिटांची, म्हणजे सुमारे १५५ अंकी होती. ऐकायला ती प्रचंड वाटते. पण १९९० च्या दशकात अमेरिकेने परदेशी पाठवायच्या आज्ञावल्यांवर घातलेली मर्यादा याच लांबीची होती. यापेक्षा मजबूत कुलूप परक्यांना द्यायचे नाही, हा त्यामागचा हेतू. ते निर्बंध २००० साली सैल झाले. तरीही ५१२ बिटांच्या संख्या वापरातून गेल्या नाहीत.

मे २०१५ मध्ये फ्रान्स व अमेरिकेतील संशोधकांनी ‘लॉगजॅम’ या नावाने एक काम प्रसिद्ध केले. फोडण्याच्या कामाचा फार मोठा भाग केवळ त्या मूळ संख्येवर अवलंबून असतो. तो त्यांनी सुमारे एका आठवड्यात उरकून दाखवला. त्यानंतर त्याच संख्येवर आधारलेली एकेक किल्ली शोधायला साधारण मिनिटभर पुरे. मायएसक्यूएलमध्ये तर ही मूळ संख्या आज्ञावलीतच कायमची लिहिलेली होती. म्हणजे गावातल्या सर्व घरांना एकाच साच्याचे कुलूप! एकदा साचा सापडला की प्रत्येक घरासाठी वेगळी मेहनत करण्याची गरजच नाही.

ओपनएसएसएलच्या नव्या आवृत्तीने केले ते एवढेच : समोरून येणारी मूळ संख्या ७६८ बिटांहून लहान असेल तर जोडणी नाकारायची. हा बदल येणार असल्याचे तिच्या कर्त्यांनी मे महिन्यातच जाहीर केले होते. मर्यादाही मुद्दाम खाली ठेवली होती. ती १०२४ वर नेली जानेवारी २०१६ मध्ये. या बाबतीत त्यांना दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

मात्र याच आवृत्त्यांत त्यांची एक खरी चूकही झाली होती. आतल्या एका रचनेचा आकार बदलल्याने आधी तयार झालेल्या इतर आज्ञावल्यांशी तिचा मेळ बसेना. दुसऱ्याच दिवशी, १२ जूनला, दुरुस्त आवृत्त्या काढाव्या लागल्या. एक बिघाड चुकीमुळे झालेला, दुसरा नकार जाणूनबुजून दिलेला. वापरणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. टीका करणाऱ्याने मात्र ते वेगळे केले पाहिजेत.

माझी पहिली तक्रार मायएसक्यूएलच्या रचनेबद्दल आहे. सुरक्षिततेचा आधार असलेली संख्या आज्ञावलीत पक्की चिणून टाकली की धोका कळलेल्या व्यवस्थापकालाही ती बदलता येत नाही. २०४८ बिटांची संख्या असलेल्या आवृत्त्या जुलै २०१५ मध्ये आल्या. तोवर त्याच्या हाती फारसे काही नव्हते. दुसरी तक्रार संदेशाबद्दल. ‘किल्ली फार लहान आहे’ अशा अर्थाचे शब्द काही ठिकाणी दिसत, पण अनेकांना ‘जोडणीत त्रुटी’ एवढेच कळले. कारण न सांगता दिलेला नकार माणसाला आडवाटेला लावतो.

ती आडवाट कोणती? जुनी आवृत्ती परत बसवायची, किंवा गुप्तता सरळ बंद करायची. दोन्ही उपायांनी काम त्याच क्षणी सुरू होते. ज्याचे काम मध्यरात्री अडले आहे, त्याला हा मोह झाला तर सुरक्षातज्ज्ञांनी त्याला हसू नये; त्याची अडचण खरी आहे. पण पहिल्या उपायात कच्चे कुलूप परत येते आणि दुसऱ्यात दारच सताड उघडे राहते. वाटेत कान देऊन बसलेल्याने माहिती वाचली तर पडद्यावर कोणतीही त्रुटी उमटत नाही. तिसरी वाटही होती : नवी आवृत्ती मिळेपर्यंत ही देवघेव न वापरणारी दुसरी सांकेतिक पद्धत निवडायची. ती सापडायला मात्र नकाराचे कारण कळायला हवे होते.

घरातला फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे लोक आपण पाहिले आहेत. दिवा लागतो, सगळे खूश होतात, आणि भिंतीतली तार तापत राहते. फ्यूज का उडाला हे आधी पाहावे, असे आपण विद्यार्थ्यांना विजेच्या पाठात शिकवतो. संगणकाची सुधारित आवृत्ती काही अडवते तेव्हाही पहिला प्रश्न तोच असावा : तिने नेमके काय नाकारले, आणि जे नाकारले ते कालपर्यंत सुरक्षित होते का? ११ जूनला जोडण्या तुटल्या हे खरे. कुलूप त्याच्या कितीतरी आधी निकामी झाले होते.